दुखणं थांबलं, पण पाऊल उचलत नाही: दबलेल्या नसेमुळे पायात आलेल्या कमजोरीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात वाडी भागात राहणाऱ्या एका मुलीने आईबद्दल विचारलंय. आई ५७ वर्षांच्या, घरून डबे करून देतात. तीन महिन्यांपूर्वी वरणाचं भरलेलं पातेलं उचलताना कंबरेत कळ आली आणि ती उजव्या पायात, नडगीच्या बाहेरच्या अंगाने अंगठ्यापर्यंत उतरली. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून उजवीकडची नस दबल्याचं निघालं. तीन आठवड्यांत दुखणं जवळजवळ थांबलं, म्हणून घरचे म्हणू लागले, बरं झालं. पण तेव्हापासून उजवी चप्पल चालताना निसटते, पाऊल फरशीवर थप्प वाजतं आणि जिन्यात ठेच लागून त्या दोनदा पडल्या. सर्जनने दीड महिन्याने परत बोलावलं होतं. दुखत नाही म्हणून गेले नाहीत. आता नातेवाईक म्हणतात, नस बसवून घ्या. ताकद परत येईल का, व्यायाम कोणता, पट्टा बांधायचा का, ऑपरेशन लागेल का?

मी बडोद्यात गेली २६ वर्षं फिजिओथेरपी करते, आणि तुमच्या प्रश्नातलं एकच वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं: "दुखत नाही म्हणून गेलो नाही." हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

दुखणं आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गादीतला मऊ भाग बाहेर येतो तेव्हा त्यातल्या रसायनांनी नसेभोवती सूज येते, आणि सुरुवातीची ती जीवघेणी कळ बरीचशी या सुजेची असते. काही आठवड्यांत सूज उतरते, कळ थांबते. पण त्याच नसेत स्नायूंना हुकूम पोचवणारे तंतूही असतात. त्यांच्यावरचा दाब तसाच राहिला, किंवा दाबाने ते आधीच खराब झाले असले, तर ते दुखत नाहीत. ते फक्त काम करत नाहीत. कळ अचानक बंद झाली आणि त्याच दिवसांत पाऊल जास्तच लटकायला लागलं, तर मी ती चांगली बातमी मानत नाही. त्या माणसाला मी त्याच दिवशी सर्जनकडे पाठवते.

म्हणून आईंना "दुखतंय का?" असं विचारणं कमी करा. "अंगठा किती उचलतोय?" हे बघा.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, कारण ती थांबू शकत नाही. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचाचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मधली, म्हणजे सायकलच्या सीटला टेकते ती जागा बधिर झाली, दोन्ही पाय जड पडू लागले किंवा कमजोरी दिवसागणिक वाढू लागली, तर व्यायाम, मालिश, उद्या सकाळची अपॉइंटमेंट, सगळं बाजूला ठेवा. कण्याच्या खालच्या टोकाच्या नसांचा पूर्ण जुडगाच दबल्याची ही लक्षणं आहेत आणि तिथे तासांचा हिशेब असतो. रात्री दोन वाजता असलं तरी सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत किंवा जिथे एमआरआय आणि मणक्याचा सर्जन दोन्ही आहेत अशा ठिकाणी थेट जा. धुताना हात लागल्याचं कळतं का, हे आईंना स्पष्ट विचारा. बायका हे आपणहून सांगत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी बधिरपणाची गोष्ट चार दिवस लाजेपायी कुणालाच सांगितली नव्हती.

आता आईंच्या पायाकडे येऊ. कोणती नस दबली त्यावर पायातलं कोणतं काम बंद पडतं ते ठरतं. कंबरेच्या चौथ्या नसेचा त्रास असेल तर मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो आणि जिना उतरताना गुडघा दगा देतो. त्रिकास्थीच्या, म्हणजे कंबरेखालच्या माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या, पहिल्या नसेचा असेल तर पोटरी जाते, माणूस चवड्यावर उभा राहू शकत नाही. हा प्रकार हमखास नजरेतून सुटतो, कारण दोन्ही पायांवर मिळून चवडे उचलले तर चांगला पाय सगळं काम करून टाकतो. एका पायावर उभं करून दहा वेळा टाच उचलायला सांगितली की खरं कळतं. आईंची पाचवी नस दबली आहे. ती पाऊल आणि अंगठा वर उचलते, आणि कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूलाही जाते, म्हणजे चालताना कंबर एका बाजूला कलू न देणाऱ्या स्नायूला. चपलेचं निसटणं इथूनच येतं. साधी चप्पल पायात राहते ती बोटांच्या आणि घोट्याच्या सततच्या बारीक पकडीवर, ती पकड ढिली पडली की सगळ्यात आधी चप्पल सांगते. एमआरआय झाला असो वा नसो, "चप्पल राहत नाही हो पायात" असं कुणी दारात म्हटलं की मी आधी अंगठा बघते.

घरी मोजायचं कसं ते सांगते. आईंना खुर्चीवर बसवा, टाच जमिनीवर. पाऊल आणि मग फक्त अंगठा वर उचलायला सांगा. आम्ही ० ते ५ असे गुण देतो. काहीच हालचाल नाही तर ०. स्नायू नुसता फडफडतो, पाऊल हलत नाही, तर १. वजन न पेलता, म्हणजे कुशीवर निजून पाऊल सरकतं पण बसून उचलता येत नाही, तर २. बसून पूर्ण उचलता येतं पण तुम्ही बोटाने जराही दाबलं की खाली जातं, तर ३. थोडा दाब सहन करतं तर ४. चांगल्या पायाइतकं असेल तर ५. दोन्ही पाय मोजायचे, आधी चांगला. अंगठ्यासाठी तुमचं एकच बोट वापरा, पूर्ण हाताने दाबू नका. दर रविवारी सकाळी, त्याच खुर्चीवर, तुम्हीच मोजा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात दोन आकडे लिहा: पाऊल आणि अंगठा. रोज मोजू नका. रोज मोजलं की थकव्याने आकडा खालीवर होतो आणि घरात उगाच चिंता पसरते. पण आठवड्याच्या हिशेबात एक गुण खाली गेला, तर ती बातमी आहे.

इथे थोडी थांबते, कारण तुम्ही आई डबे करतात असं लिहिलंय आणि त्यावरून मला एक शंका येते. भाजी त्या कशावर चिरतात? विळीवर असेल, आणि उजवा गुडघा उभा दुमडून तासन्‌तास बसत असतील, तर नीट ऐका.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, बोटाला हाडाचं एक टेंगूळ लागतं. पाऊल उचलणारी नस याच टेंगळाला वळसा घालून, अगदी कातडीखालून जाते. उकिडवं बसून, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून फार वेळ बसलं तर ती तिथेच दबते आणि पाऊल तसंच लटकतं, हुबेहूब. काही वर्षांपूर्वी एक बाई उन्हाळ्यात पापड-कुरडया करून झाल्यावर आल्या. पाऊल उचलत नव्हतं. एमआरआयमध्ये गादी सरकलेली होती, घरच्यांनी ऑपरेशनची तयारीही केली होती. मी त्यांना तळवा आतल्या बाजूला वळवायला सांगितला, दुसऱ्या पायाकडे बघतो तसा. पूर्ण ताकदीने वळवला. कुशीवर निजवून पाय वर उचलायला सांगितला, कुल्हाही पक्का. पाचवी नस कंबरेत दबलेली असती तर या दोन्ही हालचाली कमजोर असायला हव्या होत्या. मग त्या टेंगळावर बोटाने टिचकी मारली आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई, पायाच्या पाठीवर मुंग्या आल्या." नसेच्या तपासणीत गुडघ्यापाशीच अडथळा निघाला. विळीवर बसणं बंद केलं, पाऊल वर धरून ठेवणारी पट्टी लावली, आणि चार महिन्यांत पाऊल वर येऊ लागलं. पन्नाशीनंतरच्या एमआरआयमध्ये गादी थोडीफार सरकलेली दिसणं फार सामान्य आहे. काहीच त्रास नसलेल्या माणसांतही ती दिसते. म्हणून फोटो आणि पाय दोन्ही जुळले पाहिजेत.

आईंची कळ कंबरेतून अंगठ्यापर्यंत आली होती, म्हणजे मूळ कंबरेत असण्याचीच शक्यता जास्त. पण कंबरेत आधीच दबलेल्या नसेला गुडघ्यापाशी दुसरा दाब सोसत नाही. तेव्हा तळवा आत वळवण्याची आणि कुल्ह्याची ही दोन परीक्षणं घरी करून बघा, आणि निकाल काहीही आला तरी विळी आजपासून बंद. भाजी ओट्यावर, उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून, सुरीने चिरायची. "मला सुरीने जमत नाही" हे उत्तर मी दर वेळी ऐकते. आठ दिवसांत जमतं. नसेची तपासणी डॉक्टरांनी सांगितली असेल तर ती करून घ्या. स्नायूत सुई घालून जे बदल दिसतात ते दाब आल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी उमटतात. तुमचे तीन महिने झालेत, म्हणजे आता तिचा उपयोग आहे.

ताकद परत येईल का? खरं सांगते, आणि पूर्ण सांगते. नसेला इजा दोन प्रकारची होते. तंतू शाबूत आहेत, फक्त दाबाने संदेश अडलाय, असं असेल तर दाब हटल्यावर काही आठवड्यांपासून तीनेक महिन्यांत पाऊल परत येतं. तंतूच तुटले असतील तर त्यांना नव्याने वाढत यावं लागतं, आणि नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. कंबरेपासून नडगीच्या स्नायूपर्यंत ६० ते ७० सेंटीमीटर अंतर धरलं तर पूर्ण वाट चालायला दोन वर्षांच्या आसपास लागतील. स्नायू मात्र नसेविना तितका काळ तग धरत नाही, साधारण वर्ष-दीड वर्षानंतर तो नस स्वीकारण्याच्या लायकीचा राहत नाही. हे ऐकून घाबरू नका, कारण बहुतेकांची इजा अर्धवट असते. काही तंतू तुटतात, काही वाचतात, आणि वाचलेले तंतू शेजारच्या निराधार स्नायूधाग्यांकडे फांद्या पाठवतात. तीन ते सहा महिन्यांत दिसणारी सुधारणा बरीचशी या फांद्यांची असते. म्हणून ज्याचं पाऊल थोडं तरी हलतं त्याच्याबद्दल मला बरीच आशा असते, आणि ज्याचं महिनोन्‌महिने शून्यावर आहे त्याच्याबद्दल मी जपून बोलते.

सुधारणा वरून खाली उतरते. आधी कुल्हा, मग नडगी, अंगठा सगळ्यात शेवटी. पुष्कळ लोक अंगठ्याकडेच बघत बसतात आणि निराश होतात. कुशीवर निजून पाय आधीपेक्षा चार बोटं जास्त वर जातोय, तर नस कामाला लागली आहे. साखर असेल तर वेग कमी होतो. तुम्ही मधुमेहाबद्दल काही लिहिलं नाही. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी आणि बी-१२, दोन्ही करून घ्या. आपल्याकडे शाकाहारी घरांतून बी-१२ कमी निघण्याचं प्रमाण बरंच आहे, आणि ते कमी असेल तर नसांची दुरुस्ती रखडते. पण बी-१२ ची इंजेक्शनं दबलेली नस मोकळी करत नाहीत. कमतरता असेल तर भरून काढायची, इतकंच त्यांचं काम.

ऑपरेशनबद्दल. मी सर्जन नाही, निर्णय त्यांचा आणि तुमचा आहे. पण इतकी वर्षं ऑपरेशन झालेले आणि न झालेले दोन्ही पाय हातात घेतलेत, त्यावरून सांगते. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे मोठा, सुटून पडलेला तुकडा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त आक्रसतो. त्यामुळे ताकद ४ असेल आणि वाढत असेल तर थांबण्यात अर्थ आहे. ताकद ३ च्या खाली असेल, घसरत असेल किंवा आठवड्यांमागून आठवडे एकाच आकड्यावर अडली असेल, तर थांबणं महागात पडू शकतं. ऑपरेशन नसेवरचा दाब काढतं. पायातली कळ थांबवण्यात ते भरवशाचं आहे, पण ताकदीची तशी हमी कुणी देऊ नये आणि कुणी मागूही नये. दाब जितका जुना, तितकी नस परतण्याची शक्यता कमी. तुमचा दीड महिन्याचा फेरा चुकलाय. तो या आठवड्यात पुरा करा. पाठीतून देतात ती स्टिरॉइडची इंजेक्शनं कळ कमी करतात, त्यांनी पाऊल उचलत नाही.

"नस बसवून घ्या" यावर माझं मत स्पष्ट आहे. पोटरीला, पावलाला कोमट तेलाने हलक्या हाताने चोळलं तर बरं वाटतं, रक्त फिरतं, ते खुशाल करा. पण पायात कमजोरी आलेली असताना कुणीही कंबर पिळणं, पाय खेचून कडकन आवाज काढणं, पाठीवर पाय देणं हे होऊ देऊ नका. जो तुकडा अर्धा बाहेर आहे तो पूर्ण बाहेर येऊ शकतो. कंबरेचा पट्टा प्रवासात, रिक्षाच्या दणक्यांत, काही आठवडे वापरायला हरकत नाही. पण पट्टा कंबरेला आहे आणि अडचण पावलात. त्याने पाऊल उचलणार नाही.

मग व्यायाम. व्यायामाने नस लवकर वाढत नाही. व्यायामाने स्नायू आणि सांधा तयार राहतात, म्हणजे नस पोचेल तेव्हा तिला घर उघडं सापडेल. म्हणून दमेपर्यंत करायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल आदल्या दिवसापेक्षा कमी उचललं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं.

आईंचा गुण २ असेल तर त्यांना उजव्या कुशीवर निजवा. पावलाखाली लाकडी पाट ठेवा आणि त्यावर टाल्कम पावडर पसरा, म्हणजे पाऊल घासल्याशिवाय सरकेल. पाऊल नडगीकडे ओढायचं, सोडायचं, आठ ते दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. डोळे पावलाकडे हवेत आणि दोन्ही पावलं एकदम ओढायची. चांगल्या पायाबरोबर कमजोर पाय जास्त ऐकतो हे मी रोज बघते. गुण १ असेल तर हालचाल दिसणार नाही. तरीही मनाने पूर्ण जोर लावायचा, तुम्ही नडगीवर दोन बोटं ठेवायची आणि फडफड जाणवली की "आला" म्हणून सांगायचं. हे ऐकायला साधं वाटतं, पण तो "आला" ऐकून माणसाचा चेहरा बदलतो. विजेच्या शेकाचं यंत्र या टप्प्यावर मी कधीकधी लावते, स्नायूला आपलं काम आठवावं म्हणून. त्याने नस बरी होते असं मात्र मी कुणाला सांगत नाही. गुण ३ झाला की खुर्चीवर बसून, टाच टेकवून, भजनाच्या तालावर चवडा उचलायचा. ४ झाला की रबरी पट्टीच्या ताणाविरुद्ध.

कुल्ह्यासाठी भिंतीला पाठ आणि टाचा लावून डाव्या कुशीवर निजायचं आणि उजवा पाय सरळ, भिंतीला घासत वर न्यायचा. भिंत अशासाठी की पाय पुढे आला तर दुसरेच स्नायू काम करतात आणि आपल्याला वाटतं छान जमतंय.

आणि जे सगळे विसरतात ते: पोटरीचा ताण. पाऊल सतत खाली लटकलं की पोटरी आणि टाचेमागची शीर आखडते, आणि सहा महिन्यांनी नस परत आली तरी पाऊल वर येत नाही, कारण ते मागून बांधलेलं असतं. जुन्या सुती साडीची रुंद पट्टी फाडा, पलंगावर पाय सरळ ठेवून चवड्याला अडकवा आणि हातांनी आपल्याकडे ओढा. तीस सेकंद धरायचं, तीन-चार वेळा, सकाळ-संध्याकाळ. कंबरेतून पुढे वाकायचं नाही, पाठ भिंतीला टेकलेली हवी. पुढे वाकण्याची आसनं, सूर्यनमस्कार आत्ता नकोत.

चालणं थोडं थोडं. कमाटीबागेत सकाळी सपाट रस्ता मिळतो, तिथे दहा मिनिटं दोनदा चाला, एकदम चाळीस मिनिटं नको. पाऊल थपथप वाजू लागलं की थांबायचं. तो आवाज म्हणजे स्नायू दमल्याची सूचना.

आता पट्टी, म्हणजे एएफओ. पोटरीमागून तळव्याखाली येणारी प्लास्टिकची पट्टी, जी पाऊल काटकोनात धरून ठेवते. लोकांना वाटतं तिने स्नायू आळशी होतो. कमजोर पायाने ठेचकाळत चालण्याने स्नायू मजबूत होत नाही, हाडं मोडतात. त्या दोनदा पडल्यात, तिसऱ्यांदा खुबा मोडला तर नसेचा विषय बाजूलाच राहील. व्यायाम पट्टी काढून करायचा, चालायचं पट्टी लावून. खरी अडचण आपल्या घरांची आहे. पट्टीला मागून बंद असलेलं पादत्राण लागतं आणि आपण घरात अनवाणी असतो. एक आजी माझ्यासमोर रडल्या होत्या, "बूट घालून देवघरात कशी जाऊ?" त्यांच्यासाठी आम्ही नवे कॅनव्हासचे बूट आणले, जे कधी उंबऱ्याबाहेर गेलेच नाहीत, आणि देवाजवळ ठेवायला एक खुर्ची. पट्टी काढून, खुर्चीवर बसून पूजा. त्यावर त्या तयार झाल्या. आईंचा गुण ३ असेल तर घोट्याला बांधून पुढच्या बाजूने चवडा वर ओढणारा कापडी पट्टाही चालतो, मागे बंद असलेल्या सँडलबरोबर. नवी पट्टी आधी अर्धा तासच लावा, काढून कातडी बघा. लालसर डाग वीस मिनिटांत गेला नाही तर पट्टी परत नीट करून घ्या. बधिर पायाला जखम कळत नाही. साखर असेल तर रोज रात्री तळवा आरशात बघायचा.

वाडीतल्या जुन्या घरांचे जिने मी जाणते, अरुंद लाकडी, पायरीवर अर्धंच पाऊल मावतं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. कठडा एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला जाड दोर भिंतीत हुकांना ताणून बांधा. उंबरठ्याच्या कडेला लाल किंवा पिवळ्या रंगाचा पट्टा ओढा, आणि दारातली सगळी पायपुसणी आज काढा. मला विचाराल तर अर्धे लोक पायपुसण्यांवर पडतात. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा. साडी नेसत असतील तर चार बोटं वर नेसायची, निऱ्या चवड्याखाली येतात. भारतीय पद्धतीच्या संडासावर उचलून ठेवायची कमोडची खुर्ची आणा. स्कूटर सध्या नाही. थांबताना पाय टेकायच्या क्षणी घोटा मुरगळतो.

डबे बंद करा असं मी म्हणणार नाही. त्या कामात त्यांचं मन आहे आणि घरी बसवलेला माणूस लवकर खचतो. पण पद्धत बदला. पोळ्या उंच स्टुलावर बसून लाटायच्या. उभं राहायचं तेव्हा एक पाय छोट्या पाटावर, दर पाच-दहा मिनिटांनी बदलून. भरलेलं पातेलं उचलायचंच नाही: ते गॅसवर ठेवूनच तांब्याने पाणी भरायचं आणि डाव वापरून तिथूनच डब्यात काढायचं. सिलिंडरला हात लावायचा नाही, सरकवायलाही नाही. आधी निम्मे डबे, दोन आठवड्यांत आकडा टिकला तर थोडे वाढवायचे. नवरात्रीत गरब्याला जाता येईल का असं त्या विचारतीलच. खुर्चीवर बसून टाळ्या, एवढंच, यंदा.

सर्जनकडे जाताना चार गोष्टी न्या. एमआरआयची फिल्म, नुसता रिपोर्ट नको. कालनिर्णयावरचे आकडे, निदान एका रविवारचे तरी. मोबाइलवर आईंच्या चालण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, बाजूने घेतलेला, गुडघ्याखालचा पाय आणि पाऊल दिसेल असा. आणि त्यांची रोजची उजवी चप्पल. तिचं पुढचं टोक डावीपेक्षा जास्त झिजलेलं असेल. तिथे विचारायचं ते एवढंच: "आज ताकद किती आहे, तीन महिन्यांपूर्वी तुम्ही किती लिहिली होती, आणि किती आठवडे थांबायचं?" आकडे मिळाले की इथे लिहा, आईंचा तळवा आत वळतो का तेही. त्यावर पुढचा व्यायाम ठरवू.